नरक्या 'प्रदेशनिष्ठ' आहे का?

प्रश्न असा आहे : "बातमीत 'नरक्या ही सह्याद्रीतील दुर्मीळ, प्रदेशनिष्ठ, सदाहरित वनस्पती, तिची अवैध तोड सुरू' असं वाचलं. प्रदेशनिष्ठ म्हणजे देशीच ना? आणि झाडाला नरकाचं नाव कशाला?"

आधी नाव. मराठी बोलण्यात 'नरक' म्हणजे विष्ठा, घाण असाही अर्थ आहे. 'कसला नरक करून ठेवलाय' म्हणताना यमलोक कोणाच्या मनात नसतो. शेंबूडवरून शेंबड्या, तसा नरकवरून नरक्या, असं मला वाटतं. पावसाळ्यात याच्या फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळसर, लव असलेल्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांना दुर्गंध असतो. याचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा. त्यातल्या फीटिडाचा अर्थही 'दुर्गंधी'च. (आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना.) याला घाणेराही म्हणतात, पण घाणेरी वेगळी. ती अमेरिकेतून आलेली टणटणी, जी माळरानं आणि जंगलं व्यापत चालली आहे. काही भागांत नरक्यालाच 'अमृता' म्हणतात.

'सदाहरित' बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ 'पानं कधीच न गळणारं' असा घेऊ नये. सगळी पानं एकदम गळून झाड उघडं पडत नाही, एवढंच. नरक्याच्या फांदीवरून बोट फिरवा, गळलेल्या पानांचे उठावदार वण हाताला लागतात. वरच्या टोकाला मात्र लांब देठांच्या रुंद पानांची गर्दी असते.

आता प्रदेशनिष्ठ. या शब्दातल्या 'निष्ठ'चा अर्थ इमान असा नाही. नि + स्था, म्हणजे 'त्यातच स्थित'. वस्तुनिष्ठ, आत्मनिष्ठ यांत तोच आहे. जी जात एका ठरावीक प्रदेशातच नैसर्गिकरीत्या आढळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही, ती प्रदेशनिष्ठ. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती अशा सह्याद्रीपुरत्याच आहेत. नरक्या मात्र सह्याद्रीबरोबर श्रीलंकेत, ईशान्य भारतात, पार तैवानपर्यंत आढळतो. तेव्हा तो इथला देशी खरा, प्रदेशनिष्ठ नव्हे. प्रत्येक प्रदेशनिष्ठ जात तिच्या प्रदेशात देशी असतेच. उलट मात्र खरं नाही.

हा फरक मी एवढ्यासाठी ताणतो की 'दुर्मीळ'शेजारी 'प्रदेशनिष्ठ' आलं, की वाचणाऱ्याला वाटतं, ही जात मुळातच मूठभर जागेतली, म्हणून कमी. नरक्याचं तसं नाही, तो कमी होतोय तो मागणीमुळे. १९६६ साली मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं करून त्याची रचना प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच नरक्यात सापडलं. त्यापासून बनलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं आज कर्करोगावर वापरतात. कॅम्प्टोथेसिन लाकडात आणि मुळांत असतं, पण अगदी थोडं, त्यामुळे थोड्याशा द्रव्यासाठी ढीगभर लाकूड लागतं. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडे नरक्याच्या लाकडाचा साठा पकडल्याच्या बातम्या येतात, त्या याच मागणीपोटी.

दुर्मीळ हा शब्द इथे चपखल बसतो. 'दुर्लभ'मध्ये संस्कृत लभ् आहे, 'दुर्मीळ'मध्ये आपलं मिळणं. शोधणारे वाढले म्हणून मिळेनासं झालेलं, असं हे झाड आहे.

माझा खरा आक्षेप बातमीतल्या 'तोड' या शब्दाला आहे. तोडलं की बुंधा जमिनीत राहतो आणि नरक्याच्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. इथे तर मुळांनाही भाव असल्यामुळे झाड खणून मुळासकट नेतात. जेमतेम सात-आठ मीटर वाढणारं हे झाड (बऱ्याचदा झुडूपच) खणून काढायला फारसा वेळ लागत नाही आणि मागे फक्त खड्डा उरतो. त्याला तोड म्हटलं, तर ऐकणारा समजतो की पुढच्या पावसाळ्यात फुटेल.

मी ती ओळ अशी लिहीन : 'नरक्या हे सह्याद्रीतलं देशी, सदाहरित झाड मुळासकट उपटून नेत असल्यामुळे दुर्मीळ होत आहे.'