लॅटिन मिस्सा आवडली म्हणजे परिषद नाकारली असं होत नाही

तुम्ही पहिल्यांदाच जुन्या विधीच्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेच्या 1969च्या बदलांआधीच्या रूपाला, गेलात आणि भारावून परतलात. घरी आत्या म्हणाल्या, हीच खरी मिस्सा, नवी तर अर्धी प्रोटेस्टंट. मित्र म्हणाला, तिथे जाणं म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद, चर्चमध्ये सुधारणा करणारी 1962 ते 1965ची बिशपांची सभा, नाकारणं. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय. मला दोघांचंही पटत नाही. भाषा, विधी आणि फादर कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहतात, या तीन वेगळ्या गोष्टींची दोघांनी एकच मोळी बांधली आहे.

आधी भाषेचं बघू. नव्या मिस्सेचा मूळ ग्रंथसुद्धा लॅटिनच आहे. आपण मातृभाषेत ऐकतो ते त्याचं भाषांतर, त्यामुळे नवी मिस्सा लॅटिनमध्ये अर्पण करायला काहीच आडकाठी नाही. उपासनेवरचा परिषदेचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी 2147 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला. त्याचं 36वं कलम लॅटिनचा वापर राखायला सांगतं आणि त्याच दमात लोकभाषेला अधिक वाव देतं. 54व्या कलमात तर भाविकांना आपल्या वाट्याची उत्तरं लॅटिनमध्येही म्हणता, गाता यावीत अशी अपेक्षा आहे. संपूर्ण मिस्सा लोकभाषेत आली ती नंतर, टप्प्याटप्प्याने दिलेल्या परवानग्यांमधून. वेदी लोकांकडे वळवा, असं त्या दस्तऐवजात कुठेही नाही. उलट नव्या मिस्साग्रंथातल्या सूचनांमध्ये काही ठिकाणी ‘लोकांकडे वळून’ असं लिहिलंय, म्हणजे फादर तोवर वेदीकडे तोंड करून असू शकतात हे गृहीत धरलंय.

पण लॅटिन म्हणजेच खरी मिस्सा, हेही टिकत नाही. रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती ग्रीकमध्ये प्रार्थना करत. लॅटिन पुढे रुळली ती तिथले लोक ती बोलत होते म्हणून. ‘किरिए एलेइसोन’ (प्रभू, दया कर) हे ग्रीक शब्द जुन्या लॅटिन मिस्सेतही आहेत. पोपशी पूर्ण ऐक्यात असलेल्या 23 पौर्वात्य कॅथलिक चर्चेसची स्वतःची उपासना आहे, तिची परंपरा लॅटिन नाहीच. त्यांची मिस्सा खोटी, असं आत्याही म्हणणार नाहीत.

खरा मतभेद विधीवर आहे, आणि तो मी हलका लेखत नाही. 1962च्या, म्हणजे जुन्या विधीच्या, ग्रंथातल्या अर्पणाच्या वेळच्या प्रार्थना मिस्सा हे बलिदान आहे याबद्दल फार स्पष्ट बोलतात. पोप सहावे पॉल यांनी 3 एप्रिल 1969 रोजी मंजूर केलेल्या ग्रंथात त्यातल्या बऱ्याच गेल्या. त्याच वर्षी कार्डिनल ओताव्हियानी आणि बाच्ची यांनी पोपना पत्र पाठवून कडक आक्षेप घेतले. नव्या ग्रंथाच्या त्या वेळच्या प्रास्ताविक सूचनांचं 7वं कलम मिस्सेचं वर्णन मुख्यतः ‘प्रभुभोजन’ आणि ‘मेळावा’ असं करत होतं. 1970मध्ये ते दुरुस्त झालं आणि बलिदानाचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आला. म्हणजे टीका ऐकली गेली. म्हणूनच, नव्या विधीवर प्रश्न विचारणारा प्रत्येक जण बंडखोर असतो, हे मी मानत नाही.

आणि जुन्या मिस्सेच्या प्रेमात असलेल्यांनी वाचनांकडे बघावं, ही माझी कळकळीची विनंती. जुन्या क्रमात दर वर्षी तीच वाचनं यायची आणि रविवारी जुना करार जवळपास ऐकूच यायचा नाही. आता रविवारचं चक्र तीन वर्षांचं आहे, जवळजवळ प्रत्येक रविवारी जुन्या करारातलं एक वाचन आणि त्यासोबत स्तोत्र असतं. इतकं मोठं दान मिळूनही त्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी वीसेक वर्षं गायनवृंदात आहे, दोन्ही विधींत गायलोय. जुन्या मिस्सेत पहिल्यांदा गेलो तेव्हा फादर मुख्य प्रार्थना मनातल्या मनात म्हणत होते आणि मला वाटलं, काही चाललंच नाहीये. चार-पाच वेळा गेल्यावर ती शांतता मला कळू लागली. मृतांच्या मिस्सेच्या प्रस्तावनेत एक ओळ आहे, ‘व्हीता मुतातुर, नोन तोल्लितुर’. फादर ती गाताना मी कितीदा तरी ऐकली होती. वडील गेले तेव्हा त्यांच्या मिस्सेत तीच ओळ मातृभाषेत कानावर पडली: जीवन बदलतं, हिरावलं जात नाही. पहिल्या बाकावर बसून मी रडलो. त्यानंतर ती लॅटिनमध्ये ऐकली की वडीलच आठवतात. आता मला यातलं एक निवडा म्हटलं, तर निवडता येणार नाही.

नियमांचं थोडक्यात सांगतो. 2007मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या विधीला बरीच मोकळीक दिली. 2021मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवरली. त्यांना चर्चमधल्या ऐक्याची चिंता होती, कारण काही गटांत या विधीच्या आडून परिषदेलाच नाकारलं जात होतं. तेव्हापासून जुन्या विधीसाठी बिशपांची परवानगी लागते. तुम्ही गेलात ती मिस्सा परवानगीने होते का, एवढं विचारून घ्या. परिषदेनंतरच्या बदलांना विरोध करणारे आर्चबिशप लेफेव्ह्र यांनी 1970मध्ये स्थापन केलेल्या पुरोहितसंघाच्या मिस्सा वैध आहेत, पण त्या संघाचं चर्चमधलं स्थान नियमित नाही. तिथे जाण्याआधी तुमच्या फादरांशी बोला.

परवानगी असेल तर पुन्हा जरूर जा. पहिले दोन-तीन वेळा पुस्तक मिटूनच ठेवा. ओळीवर बोट ठेवून लॅटिन शोधत बसलात, तर वेदीवर काय चाललंय ते निसटेल.

आणि आत्यांसाठी एक सुचवतो. नव्या ग्रंथात मिस्सेच्या मध्यवर्ती प्रार्थनेचे, महाप्रार्थनेचे, अनेक पर्याय आहेत; त्यातली पहिली म्हणजे जुन्या मिस्सेतली तीच महाप्रार्थना, रोमन कॅनन, थोडे बदल सोडले तर. लांब आहे म्हणून बरेच फादर दुसरी घेतात. तुमच्या फादरांना एखाद्या रविवारी पहिली घ्यायला सांगा आणि आत्यांना सोबत न्या. त्यात पेत्र, पौल, लॉरेन्स, अगाथा, लुसिया अशी नावं एकामागोमाग येतात. आत्यांनी ती जुन्या मिस्सेच्या पुस्तकात वाचलेली असणार, त्यांना ती लगेच ओळखू येतील.