डाएटसाठी स्वयंपाकघरात वजनकाटा घ्यावा का? भात कच्चा मोजायचा की शिजलेला?

तुम्ही लिहिलंय की घरी चौघांचा स्वयंपाक एकत्र होतो, त्यातून आपला वाटा कसा काढायचा ते कळत नाही, आणि ताटाशेजारी काटा ठेवला की सासूबाईंना वाईट वाटतं. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, आमच्याकडेही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काटा घ्याच. दीड वर्षापूर्वी माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आहारतज्ज्ञांनी सांगितलं, दुपारी एक वाटी भात. मी ते नेमाने पाळत होते. मग जांभळी नाक्यावरून साडेचारशे रुपयांचा डिजिटल काटा आणला आणि घरातल्या वाट्या एकेक करून तोलल्या. आमटीच्या लहान वाटीत भात बसला ११० ग्रॅम. मी मात्र भात घेत होते आहेरात आलेल्या खोलगट वाटीने, तिच्यात २१० ग्रॅम! ‘एक वाटी’ आहारतज्ज्ञही म्हणाल्या आणि मीही, पण त्यांच्या मनातली वाटी वेगळी आणि माझ्या हातातली वेगळी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. शक्यतो कच्चंच मोजा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. शिजताना तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीन पट जड होतो, त्यामुळे १०० ग्रॅम भातात १३०च्या आसपासच उरतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की सगळा हिशेब चुकतो. शिवाय जुना तांदूळ जास्त पाणी घेतो, नवा कमी, म्हणजे भाताचं वजन रोज सारखं येत नाही.

एकत्र स्वयंपाकात मी असं करते. कुकरचं रिकामं भांडं एकदाच तोलून वजन फ्रिजवर लिहून ठेवलंय, ४१० ग्रॅम. तांदूळ घेते ३०० ग्रॅम. भात झाला की भांड्यासकट तोलते. समजा १२६० भरलं, तर भात ८५०. मला ५० ग्रॅम तांदळाचा भात हवा, म्हणजे सहावा हिस्सा, साधारण १४० ग्रॅम. खिचडी, पुलाव, उसळ, सगळ्याला हीच रीत चालते. पोळीसाठी कणीक तोला, भिजवलेला गोळा तोला आणि त्याच्या किती पोळ्या झाल्या ते मोजा, बस्स.

खरी गंमत तेलात आहे, आणि बहुतेक जण तेच मोजत नाहीत. तेलाची बुधली काट्यावर ठेवा, ‘टेअर’चं बटण दाबून शून्य करा, फोडणीला तेल घाला आणि बुधली परत ठेवा. उणे २२ दिसलं तर २२ ग्रॅम तेल गेलं. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे जवळजवळ २०० त्या एका फोडणीत. काटा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, तेवढं भराभर करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. आमच्याकडे चौघांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपायचा. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते साडेचार किलो धरा, तरी माणशी दिवसाला ३८ ग्रॅम होतं, आणि तूप वेगळंच.

शेंगदाणे, कूट, खोबरं, साखर हेही तोला. मूठभर म्हणून घेतलेले शेंगदाणे ३० ग्रॅम भरले तर १७० कॅलरी होतात. काकडी, पालेभाजी, ताक यांच्यामागे लागू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर काटा ओट्यावरच राहू द्या, जेवायच्या जागी आणूच नका. ताटातलं अन्न तोलताना बघणं माझ्या सासूबाईंनाही जड जायचं, आणि मला त्यांचं पटतं. वाढून घ्यायच्या आधीच माझा भात मी बाजूला काढते. एकदा त्यांच्या थालिपिठाच्या भाजणीचं प्रमाण आम्ही दोघींनी बसून ग्रॅममध्ये लिहून काढलं. आजवर ते फक्त त्यांच्या ओंजळीत होतं. आता नेरूळला नणंदेकडेही तशीच भाजणी होते, आणि तेव्हापासून काट्याबद्दल घरात कुणी बोललेलं नाही.

सगळं मोजणं मी सहा आठवडे केलं. आता नजर बसलीय, रोज फक्त तेल आणि तांदूळ तोलते. तुम्ही इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर मात्र भात एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर खाली जाऊ शकते.

काटा घेताना एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोचा घ्या. दुकानातच दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, ७७ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे.