पन्हळीपासून सुरुवात

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुनी इमारत पाडण्याच्या हालचाली सुरू झाल्यापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, सह्या गोळा करायच्या आहेत, मोर्चा काढायचा आहे. जरूर कर. पण त्याआधी एकदा भर पावसात त्या इमारतीभोवती फेरी मार. सोबत वही असू दे. पाणी कुठून उतरतं आणि कुठे मुरतं, एवढंच लिहून आण.

जुनी इमारत सहसा एका रात्रीत पडत नाही. पन्हळीत पाला अडकतो, पाणी भिंतीवरून ओघळतं, तुळईचं टोक भिंतीत जिथे टेकलेलं असतं तिथे ओल धरते आणि लाकूड आतून कुजत जातं. बाहेरून कितीतरी वर्षं काहीच दिसत नाही. मग एक दिवस ‘धोकादायक’ अशी पाटी लागते, आणि तेव्हा आपल्याजवळ फक्त हळहळ उरलेली असते. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटेनवाख्त’ ही संस्था यावरच काम करते. तिची माणसं हत्यारं घेऊन थेट छपरावर चढतात, पाहणी करतात, निसटलेलं कौल तिथल्या तिथे बसवतात आणि मालकाला लेखी अहवाल देतात. तुमच्या गटाने वर्षातून दोनदा नुसत्या पन्हळी साफ केल्या तरी मी त्याला मोठं काम म्हणेन.

दुरुस्तीला हात घालशील तेव्हा माझी एक चूक लक्षात ठेव. आमच्या पहिल्याच कामात चुन्यात बांधलेली विटांची भिंत होती, पोपडे निघालेली, खाली लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलेली. उत्साहाच्या भरात आम्ही वर्गणी काढून तिला सिमेंटचा गिलावा केला. दीड-दोन वर्षं भिंत देखणी दिसली. मग बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज यायला लागला. एक पोपडा काढून पाहिला, तर मागची वीट इतकी ओली आणि भुसभुशीत की नखाने पीठ निघत होतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद केली होती. पाणी आत कोंडलं, त्यातले क्षार विटेतच साठून खडे धरत राहिले आणि त्यांनी वीट आतून फोडली. तेव्हापासून मी एकच पाहतो : सांध्यातला माल विटेपेक्षा मऊ हवा. झिजला तर सांधा झिजू दे, सांध्यांच्या फटी पुन्हा भरता येतात. म्हणून चुना मळणारा, भिजवण्याचे दिवस मोजणारा एखादा जुना गवंडी आधी शोध, आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण हात लाव. तो गेला की ती विद्याही गेली.

तडा दिसला की घाबरून लगेच बुजवू नकोस. त्यावर आडवी काचपट्टी पक्की चिकटव आणि तारीख लिही. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. शाबूत राहिली, तर तडा बहुधा जुना, थांबलेला. तरी वर्षभर, सगळे ऋतू जाईपर्यंत बघ.

नोंदींचा कंटाळा करू नकोस. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातली जुनी वस्ती जवळजवळ जमीनदोस्त झाली. ती पुन्हा उभी राहिली त्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आधी घेतलेल्या मोजमापांचा मोठा वाटा होता. तुमच्याकडेही टेप आहे, फोन आहे. दारं, कमानी, जिने मोजा. एकाच जागेवरून दर ऋतूत फोटो काढा. आणि तिथे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे निवांत बसा.

कायद्याची मदत घ्यायलाच हवी. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, लोक हळहळले, आणि वारसावास्तूंचा कायदा आला १९६५ मध्ये. स्टेशन काही परत आलं नाही. पण त्याच कायद्याच्या आधाराने त्याच शहरातलं ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं, १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तेव्हा वारसावास्तूंच्या यादीत नाव घालण्याचा अर्ज आजच लिहायला घे, संकट दारात येण्याची वाट बघू नकोस.

आता मालकाबद्दल. तुझ्या पत्रात त्याच्यावर फार राग आहे, तो मला पटला नाही. गळकं छप्पर त्याच्या डोक्यावर आहे, खर्च त्याच्या खिशातून जातो. पहिल्या भेटीत इतिहास सांगू नकोस. कुठे गळतं ते विचार, आणि पुढच्या रविवारी चार जण घेऊन शिडीसकट जा. इमारतीत काय चालू शकेल यावरही त्याच्याशीच बोल. वाचनालय, शिकवणी, कार्यशाळा, काहीही. बंद दारामागे ओल आणि वाळवीच वाढते. आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने इथली मातीची मोठी मशीद उभी आहे, कारण सगळं शहर दरवर्षी एकत्र येऊन तिला नव्याने मातीचा लेप देतं, गवंडी पुढे आणि पोरंसोरं चिखल वाहायला.

पुढचा पाऊस पडला की वही घेऊन बाहेर पड आणि काय दिसलं ते कळव. तड्याचा फोटो पाठवशील तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेव, नाहीतर मला इथून काही सांगता येणार नाही.

तुझा,
काका