वाचक विचारतात : मायांचे शून्य आणि आपला मयासुर

प्रश्न : मध्य अमेरिकेतील माया लोक हे महाभारतातील मयासुराचे वंशज असून शून्याची कल्पना त्यांनी भारतातून नेली, असे एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य किती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नावे कानाला सारखी लागतात, त्यापलीकडे यात तथ्य नाही. ‘माया’ हे नाव युकातान द्वीपकल्पातील मायापान या नगराच्या नावाशी जोडले जाते, आणि ज्यांना आपण सरसकट माया म्हणतो ते एका राजछत्राखाली कधीच नव्हते; तिकाल, पालेंके, कोपान अशी त्यांची नगरराज्ये होती आणि ती आपसांत लढतही असत. मयसभा तिथे शोधण्यात अर्थ नाही.

शून्याच्या बाबतीत त्यांची अंकलेखनपद्धतीच साक्ष देते. आपली मोजणी दहाची, त्यांची विसाची. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्याचे चित्र म्हणजे शून्य, एवढ्या तीन चिन्हांत ते कोणतीही संख्या लिहीत, आणि स्थाने उजवीकडून डावीकडे न वाढता खालून वर चढत. समजा, तळाशी शिंपला, मधे दोन टिंबे आणि वर एक रेघ आहे : तळाचे शून्य, मधले दोन विसा ४० आणि वरचे पाच गुणिले ३६० म्हणजे १८००, असे एकूण १८४० दिवस झाले. विसाच्या हिशेबाने तिसरे स्थान खरे तर ४०० चे हवे. ते ३६० चे केले, कारण ही मांडणी दिवस मोजण्यासाठी होती आणि ३६० हा आकडा वर्षाच्या जवळ जातो. अशी आडवळणाची पद्धत कोणी उसनी आणत नाही, ती स्वतःच्या गरजेतून घडते. शिवाय ब्रह्मगुप्ताने शून्याच्या गणिताचे नियम सांगितले ते इ. स. ६२८ मध्ये, तर माया शिळांवरील तारखांत शून्य चौथ्या शतकातच दिसते. (शून्याला शून्याने भागल्यास शून्यच येते, हे ब्रह्मगुप्ताचे मत आज कोणी मानत नाही, पण शून्याला संख्या मानून नियमांत बसवण्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.)

या मोजणीतून काय साधले ते जर्मनीतील ड्रेस्डेन येथे जतन केलेल्या माया पोथीत पाहावे. वड-उंबराच्या कुळातील झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा लेप देऊन, घड्या घालून ती केलेली आहे. तिच्यात शुक्राचे चक्र ५८४ दिवसांचे धरून पहाटे दिसणे, लोपणे, संध्याकाळी दिसणे आणि पुन्हा लोपणे असे २३६, ९०, २५० आणि ८ दिवसांचे चार भाग पाडले आहेत. शुक्राची पाच चक्रे म्हणजे २९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षेही तेवढीच. हा मेळ त्यांनी नेमका हेरला. खरे सरासरी चक्र ५८३.९२ दिवसांचे आहे, म्हणून १०४ वर्षांत सुमारे पाच दिवसांचा फरक पडतो, आणि तो भरून काढण्याची सोयही या कोष्टकात आहे. दुर्बिणीविना, नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या नोंदींचे हे फळ आहे. अशा पोथ्या आज चारच उरल्या आहेत. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ मध्ये मानी गावी माया पोथ्यांची होळी केली, तेव्हा काय काय जळाले याची कल्पनाच करावी लागते.

प्रश्न : मग डिसेंबर २०१२ मध्ये जग बुडणार असे त्यांनी का लिहिले होते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : लिहिलेच नव्हते. त्यांच्या दीर्घ गणनेत, म्हणजे एका आरंभदिवसापासून सलग दिवस मोजण्याच्या पद्धतीत, १,४४,००० दिवसांचा एक बाकतुन होतो, आणि इ. स. पू. ३११४ पासून मोजता तेरावा बाकतुन २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास पूर्ण झाला. खालची चारही स्थाने तेव्हा शून्यावर आली, गाडीच्या मीटरवरचे आकडे फिरून शून्यावर येतात तशी. पालेंके येथील शिलालेखात तर पाकाल राजाच्या राज्यारोहणाशी जोडलेला एक दिवस इ. स. ४७७२ मधला नोंदवलेला आहे.