स्ववंध्यत्व, स्व-विसंगती की स्वपरागवर्जन?

प्रश्न असा आला आहे : काही झाडांच्या फुलांना स्वतःचा पराग चालत नाही. या 'सेल्फ-इनकम्पॅटिबिलिटी'साठी 'स्ववंध्यत्व' लिहावं की 'स्व-विसंगती'?

'स्ववंध्यत्व' मला अजिबात पटत नाही. वांझपणात काहीतरी उणं असतं. इथे परागकण धडधाकट, बीजांडही धडधाकट. परक्या झाडाचा पराग आला की फळ धरतं. शिवाय बियाणं तयार करणाऱ्यांच्या तोंडी 'नर वंध्यत्व' हा शब्द रोजचा आहे, आणि त्यात खरोखरच कामाचा पराग तयार होत नाही. दोन्हीकडे वंध्यत्व म्हटलं की घोळ होणारच.

'विसंगती' त्याहून बरा, पण तो अर्थाला उलट्या दिशेने नेतो. विसंगती म्हणजे मेळ नसणं. इथे तर खूण जुळते म्हणूनच नकार मिळतो! पेटुनिया हे बागेतलं फुलझाड घ्या. नकार ठरवणाऱ्या जनुकस्थानाला, म्हणजे गुणसूत्रावरच्या जनुकाच्या जागेला, 'एस' म्हणतात. त्याची रूपं अनेक. झाडात एस-१ आणि एस-२ असतील, तर त्याच्या प्रत्येक परागकणात त्यांतलं एकच उतरतं. एस-१चा कण त्याच झाडाच्या फुलातल्या कुक्षीवर (पराग झेलणाऱ्या टोकावर) पडतो, अंकुरतो, त्याची नलिका कुक्षीखालच्या दांड्यात, म्हणजे कुक्षीवृंतात, शिरते आणि अर्ध्या वाटेत खुंटते, कारण तिथलं विकर (एन्झाइम) तिच्यातला आरएनए तोडून टाकतं. एस-३चा कण मात्र बीजांडापर्यंत पोचतो. हे आनुवंशिक गणित ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२५ साली तंबाखूच्या जातकुळीतल्या झाडांवरून मांडलं. कोबीत नकार कुक्षीवरच मिळतो. तिथे उमलायच्या दोन-तीन दिवस आधी कळी चिमट्याने उघडून त्याच झाडाचा पराग लावला, तर बी धरतं. नकाराची तयारी तोवर पुरी झालेली नसते.

म्हणून मी 'स्वपरागवर्जन' सुचवेन. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, ते बेसूर म्हणून नव्हे, तर रागाचा नियमच तसा म्हणून. 'दशहरी आंब्याला स्वपराग वर्ज्य' हे वाक्य म्हणून पाहा, बागाईतदारालाही चटकन कळेल.

फक्त 'स्व'चा आवाका ध्यानात ठेवा. दशहरीची झाडं कलमी, म्हणजे जनुकांच्या हिशेबाने सगळी मिळून एकच झाड. दहा एकरांत नुसती दशहरी लावली, तर बांधाजवळच्या शेवटच्या झाडाचा परागही 'स्व'च ठरतो. मध्ये मध्ये दुसऱ्या जातीची झाडं लावतात ती त्यासाठीच.