पटकन नोंद टिपायला साधं ॲप बनवायचंय, लॉगिन स्क्रीनपासून सुरुवात करू का?

लॉगिन आधी काढून टाका. तुम्ही म्हणताय कोडिंग थोडंफार येतं आणि ॲप स्वतःला नि घरच्यांना वापरायचंय, मग लॉगिन कोणासाठी? मी पण तिथनंच सुरुवात केलेली, आंब्याचा एक अख्खा सीझन त्यात गेला.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. एप्रिलमध्ये बाबा मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसून पेट्या भरतात, हाताला चीक, मांडीवर पेंढा, आणि तेवढ्यात फोन, पाच डझनीच्या दोन पाठवा. मग ते समोरच्या पेटीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवायचे आणि ती पेटी जायची पुण्याला, ऑर्डरीसकट. म्हणून मी ॲप केलं, लॉगिन, कॅटेगरी, रंग, सगळं घातलं. दोन दिवसांत बाबा परत पुठ्ठ्यावर. म्हणे, "तुझा ता उघडेपर्यंत समोरचो फोन ठेवता."

दुसऱ्या खेपेला मग आयकॉन दाबला की थेट कोरी नोट नि कीबोर्ड वर आलेला, यादी मागच्या स्क्रीनवर. फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गुगलचं साधन) टेक्स्टफील्डला, म्हणजे लिहायच्या चौकटीला, ऑटोफोकस दिला की झालं. सेव्हचं बटण ठेवूच नका, टायपिंग थांबलं की अर्ध्या सेकंदाने आपोआप सेव्ह, शिवाय ॲप बॅकग्राउंडला जाताना एकदा, कारण मध्येच कॉल आला आणि मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड तुमचं ॲप न विचारता बंद करतं, ऑनडिस्ट्रॉयच्या (ॲप बंद होताना चालणाऱ्या कोडच्या) भरवशावर राहिलात तर नोट गेली. डेटा फोनमध्येच, एसक्यूलाइटचं (फोनमधला छोटा डेटाबेस) एक टेबल, आयडी, मजकूर, वेळ, बस. बागेत रेंज नसते त्यामुळे सिंकचं, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर त्याच नोटा दिसायचं, नंतर बघा. अँड्रॉइड ७ पासून वरून ओढायच्या पॅनेलमध्ये स्वतःच्या ॲपची टाइल, म्हणजे दाबायचं बटण, टाकता येते, बाबा आता तीच वापरतात.

डोकं खाल्लं ते सर्चने. 'कोऱ्या पेट्या संपल्या' अशी नोट समोर दिसतेय आणि 'कोऱ्या' शोधलं की काहीच नाही! दोन तास गेले. तर हा 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यावर साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडाक्षराचं चिन्ह, डोळ्यांना दोन्ही सारखेच. 'ॲ'चं पण तेच. आकड्यांचंही, कोणी मराठी १२ लिहितं कोणी इंग्रजी. म्हणून टेबलात अजून एक कॉलम करा, त्यात हे सगळं एकसारखं करून ठेवा आणि सर्च त्याच्यावरच चालवा. हे आधीच केलंत तर माझ्यासारखं नंतर सगळ्या जुन्या नोटा परत लिहायला लागणार नाहीत.

प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर २५ डॉलर एकदाच, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं पर्सनल खातं असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. माझे पेट्या भरणारे गडी धरून सात झाले, शेवटी एपीके (ॲपची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवून दिली.