कात्री तिच्याच हातात राहू द्या

सलूनमधले प्रश्न, वाचकांची पत्रे

माझ्याकडच्या ज्युनिअर मुलीच्या सरळ कटमध्ये डावी बाजू कायम लांब राहते. मी दरवेळी दुरुस्त करून देते, पुढच्या वेळी पुन्हा तेच. कसं शिकवू?
— सलूनचालक, सांगली

ताई, तुम्ही दुरुस्त करता तेव्हा तिला सरळ झालेली रेघ दिसते. वाकडी कशामुळे गेली, ते दिसत नाही. पुढच्या वेळी कात्री तिच्याच हातात ठेवा आणि तिच्या पायांकडे बघा. बहुतेक ती खुर्चीच्या उजवीकडे ठाण मांडून उभी असेल. तिथून डावीकडचे केस ती स्वतःकडे ओढून कापते. लांबून ओढून आणलेले केस सोडले की जागेवर जाऊन लांबच पडणार. प्रत्येक सेक्शनला, म्हणजे कापायला वेगळ्या घेतलेल्या केसांच्या भागाला, तिने त्या सेक्शनच्या बरोबर मागे सरकायला हवं. हे सांगून पटत नाही. एकदा तिला मुद्दाम एकाच जागी उभं राहून डमीवर (सरावाच्या केस लावलेल्या डोक्यावर) कापायला लावा आणि मग केस खाली विंचरून दाखवा.

सुरुवात मानेपासून, साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या सेक्शनने करायची. वरच्या पातीतून खालची गाइडलाइन, म्हणजे आधी कापलेली रेघ, दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर सेक्शन जाड झाला. कानावर तर हमखास फसतं. तिथले केस बोटात घट्ट धरून कापले की सुटल्यावर वर चढतात आणि खाच पडते. तेवढ्या जागी बोटं नकोत, कंगव्याने सैल धरून कापायचं. कस्टमरने पायावर पाय टाकला असेल तर खांदे आणि डोकं कलतं, म्हणून पाय सरळ ठेवायला आधीच सांगावं. शेवटी दोन्ही बाजूंच्या पुढच्या बटा हनुवटीशी आणून आरशात जुळवायच्या.

डमी महाग पडते हे खरं. पण 45 सेंटिमीटर केसांच्या डमीवर दरवेळी दीड सेंटिमीटरच कापलं, तर खांद्यावर येईपर्यंत पंधरा-सोळा कट सहज होतात.

रूट टच-अप (मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना रंग लावणं) ज्युनिअरला केव्हा द्यावा? आमच्याकडे एकाने लावलेला रंग पुढे गडद आणि मागे फिका आला.
— वाचक, नाशिक

दादा, तो सावकाश लावत असणार. पुढचं आधी लावलं, मागे पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला; तोवर पुढचा रंग चढत राहिला आणि बाऊलमधल्या रंगाची ताकद उतरत गेली. वर वेळ शेवटच्या पातीपासून न मोजता आधीच धुतलं, तर मागे फिकंच येणार. हात बसेपर्यंत दोन गोष्टी करा. सगळा रंग एकदम कालवू नका, आधी अर्धाच करा. आणि मागचे दोन भाग त्याला द्या, पुढचे दोन तुम्ही घ्या.

प्रमाण डोळ्यांनी नको, वजनकाट्यावर. कंपनीने एकास दीड सांगितलं असेल तर 40 ग्रॅम क्रीमला 60 ग्रॅम डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइड). पांढऱ्या केसांसाठी सहसा 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के. पाती अर्ध्या सेंटिमीटरच्या घ्यायच्या आणि रंग फक्त नव्या वाढीवर लावायचा. जुन्या रंगावर ब्रश गेला की तिथे गडद पट्टा उमटतो, आणि तो काढणं फार जिकिरीचं असतं.

ब्रश हातात देण्याआधी त्याला विचारायला शिकवा : ॲलर्जी टेस्ट 48 तास आधी झाली का? काळी मेंदी लावता का? काळ्या मेंदीत बरेचदा पीपीडी, म्हणजे ॲलर्जी आणू शकणारं रंगाचं रसायन, असतं. काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर डेव्हलपर पडला की केस गरम होऊन तुटू शकतात. शंका असेल तर आधी एका बटेवर लावून बघायचं. ही चौकशी त्याला तोंडपाठ होत नाही तोवर रंगाला हात लावू देऊ नका, मग तो कितीही सफाईने लावत असो.

चूक झाली की मॅडम कस्टमरसमोरच बोलतात, हात थरथरायला लागतो. काय करू?
— ज्युनिअर, ठाणे

कस्टमर नसताना मॅडमना एक विनंती करा : तीन ठिकाणी तुम्ही स्वतःच त्यांना बोलवाल. गाइडलाइन कापल्यावर, एक बाजू झाल्यावर आणि ब्लो-ड्रायच्या आधी. "मॅडम, एकदा चेक करता?" एवढंच म्हणायचं. कस्टमरला ती सलूनची रीत वाटते. आणि मधेच थांबवायचं असेल तर मॅडमनी "केस जरा ओले कर" म्हणावं; तुम्ही कात्री ठेवून स्प्रे उचलायचा.